‘कॉलेजातलं कॉलेजात ठेव!’ : नव्या सिस्टरांचे प्रश्न

गोवा नर्सिंग कौन्सिलची नोंदणी हातात पडून वर्ष व्हायचं आहे, अशा परिचारिकांची आणि त्यांना सांभाळणाऱ्या इनचार्ज सिस्टरांची बरीच पत्रं या वेळी आली. सगळ्यांचा रोख एकाच गोष्टीवर आहे: पुराव्यावर आधारित परिचर्या. कॉलेजात तिला ‘ईबीपी’ म्हणतात आणि वॉर्डात बहुधा काहीच म्हणत नाहीत. पत्रं थोडक्यात दिली आहेत, नावं गाळली आहेत.

प्रश्न : चार महिन्यांपूर्वी एका खासगी रुग्णालयात लागले. आमच्याकडे रायल्स ट्यूब (नाकातून जठरात जाणारी नळी) घातली की सिरिंजने हवा मारतात, पोटावर स्टेथो ठेवतात आणि गुडगुड ऐकू आली की फीड सुरू करतात. ही पद्धत भरवशाची नाही असं आम्हाला शिकवलं होतं. सिनियर सिस्टरना विचारलं तर म्हणाल्या, ‘कॉलेजातलं कॉलेजात ठेव, इथे वीस वर्षं असंच चालतंय.’ बरोबर कोण? आणि मी बरोबर असले तरी करू काय?
— स्टाफ नर्स, फोंडा

उत्तर : तुम्ही बरोबर आहात. हवेचा आवाज दूरवर पोचतो. ट्यूब अन्ननलिकेत अडकलेली असो किंवा चुकून फुप्फुसाच्या तळाशी गेलेली असो, वरच्या पोटावर ठेवलेल्या स्टेथोला गुडगुड ऐकू येऊ शकते. पोट आणि फुप्फुस यांच्यामध्ये एक पातळ पडदा तर आहे. ब्रिटनच्या रुग्णसुरक्षा यंत्रणेने २००५ सालीच ही पद्धत वापरू नका म्हणून कळवलं होतं. मग वीस वर्षं ‘चालतंय’ कसं? बहुतेक ट्यूब मुळात जठरातच जातात, त्यामुळे चाचणी खरी ठरल्यासारखी वाटते. एखादी चुकते, तो रुग्ण दोन दिवसांनी धापा टाकू लागतो, केसपेपरवर ‘ॲस्पिरेशन न्यूमोनिया’ असं लिहिलं जातं आणि त्या गुडगुडीशी त्याचा संबंध कुणी जोडत नाही.

आता करायचं काय ते. नाकाच्या टोकापासून कानाच्या पाळीपर्यंत आणि तिथून छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या टोकापर्यंत माप घ्या, नाकपुडीजवळ ट्यूबवर खूण करा आणि किती सेंटिमीटरवर आहे ते केसपेपरवर लिहा. प्रत्येक फीडपूर्वी ती खूण जागेवर आहे का ते बघा. सिरिंजने ट्यूबमधून पोटातलं थोडं पाणी ओढून पीएच (आम्लता मोजायच्या) पट्टीवर टाका. पीएच १ ते ५.५ आला तर ट्यूब जठरात आहे असं धरता येतं. पाणीच येत नसेल तर रुग्णाला डाव्या कुशीवर वळवा, १० ते २० मिली हवा सोडा, १५ ते ३० मिनिटं थांबा आणि पुन्हा ओढा. ही हवा ट्यूबचं टोक जठराच्या भिंतीपासून सुटावं म्हणून सोडायची, आवाजासाठी नव्हे. आधीचं फीड किंवा औषध देऊन तासभर झालेला असावा. लिटमस कागद नको, तो आम्ल आहे एवढंच सांगतो, किती आहे ते नाही. आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक ॲडमिट रुग्णाला ॲसिड कमी करणारं पॅन्टोप्राझोल चालू असतं, त्यामुळे ट्यूब जठरात असूनही पीएच ५.५ च्या वर जाऊ शकतो. तिथे, आणि पट्ट्याच नसतील तिथे, पहिल्या फीडपूर्वी एक्स-रे.

सिनियरशी वाद रुग्णाच्या नातेवाइकांसमोर घालू नका आणि कॉलेजचं नावही काढू नका. ‘सिस्टर, या ट्यूबची मला खात्री वाटत नाही. एक्स-रे होईपर्यंत फीड थांबवू का?’ एवढंच विचारा. बोलणं पद्धतीवरून रुग्णावर आलं की बहुतेक सिस्टर ‘बरं, थांब’ म्हणतात. नाहीच म्हटल्या तर ड्युटी डॉक्टरांना सांगा आणि सांगितल्याची वेळ लिहून ठेवा. आधी फीड द्यायचं आणि मग बघायचं, असं इथे करता येत नाही.

एक मात्र आहे. पक्षाघाताच्या रुग्णाला न ठसकवता ट्यूब कशी घालायची, हनुवटी केव्हा खाली घ्यायला लावायची, हे त्या सिनियरला तुमच्यापेक्षा नक्की जास्त येतं. डेव्हिड सॅकेट आणि सहकाऱ्यांनी १९९६ साली पुराव्यावर आधारित वैद्यकाची जी व्याख्या केली, तिच्यात संशोधनाबरोबर अनुभवी हात आणि रुग्णाची इच्छाही धरली आहे. ते शिकून घ्या.

प्रश्न : आमचं साठ खाटांचं रुग्णालय आहे. दर वर्षी आठ-दहा नव्या मुली लागतात. गेल्या वर्षी बाहेरचे वक्ते बोलावून ईबीपीची दिवसभराची कार्यशाळा घेतली, सर्टिफिकिटं दिली. तीन महिन्यांनी कुणालाच काही आठवत नव्हतं. वेळ कमी, पैसे त्याहून कमी, चवथीच्या दिवसांत तर रजांमुळे हातच नसतात. काय चुकलं?
— नर्सिंग सुपरिंटेंडंट, म्हापसा परिसर

उत्तर : कार्यशाळा घेतली यात चूक नाही, ती एवढीच घेतली ही चूक. शिकलेलं वापरायला वॉर्डात जागाच ठेवली नाही तर ते राहत नाही. अमेरिकेत २००२ पासून नव्या पदवीधर परिचारिकांचा रेसिडेन्सी कार्यक्रम चालतो. तो वर्षभराचा असतो आणि त्यात प्रत्येकीने पुराव्यावर आधारलेलं एक काम करून दाखवायचं असतं. त्यांचं मनुष्यबळ आपल्याकडे नाही, पण ते वेळापत्रक थोडं कातरून वापरता येतं.

पहिले सहा आठवडे ईबीपीचं नाव काढू नका. या दिवसांत मुलगी इमर्जन्सी ट्रॉलीत ॲड्रिनलिन कुठल्या कप्प्यात आहे, कुठल्या सरांना रात्री फोन केलेला चालतो, इंडेंट किती वाजेपर्यंत द्यायचा, यातच बुडालेली असते. शिकलेलं आणि दिसतंय ते यांतल्या दरीने नवी परिचारिका हादरते, त्याला मार्लीन क्रेमर यांनी १९७४ साली ‘रिॲलिटी शॉक’ असं नाव दिलं. त्या धक्क्यात वरून संशोधन शिकवलं तर ती दोन्हीकडून बुडते.

सातव्या आठवड्यापासून नर्सिंग स्टेशनवर एक शंभरपानी वही दोरीने बांधून ठेवा. नव्या मुलींनी तिच्यात ‘हे आपण का करतो?’ एवढंच लिहायचं. नियम दोन: कुणाचं नाव लिहायचं नाही, आणि खाली ‘सरांनी सांगितलंय म्हणून’ असं उत्तर कुणी लिहायचं नाही. दोन महिन्यांत वीस-पंचवीस प्रश्न सहज जमतात. त्यांतून एकच निवडायचा, आणि तो त्या मुलींनीच निवडायचा. इनचार्जने निवडला की तो गृहपाठ होतो.

कुठला निवडावा? ज्याला खरेदी लागत नाही, जो रोज घडतो आणि ज्याचा परिणाम आठवड्याभरात दिसतो. नमुना म्हणून हा घ्या: ‘फोलिज (लघवीची नळी, म्हणजे कॅथेटर) काढण्याआधी ती क्लॅम्प करून (चिमटा लावून बंद) ठेवतो, ते कशासाठी?’ मूत्राशयाला ‘सवय’ लागावी म्हणून, असं उत्तर पिढ्यान्‌पिढ्या दिलं जातं. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या (सीडीसी) २००९ च्या मार्गदर्शक सूचनांत मात्र कॅथेटर काढण्याआधी क्लॅम्प करण्याची गरज नाही असं स्पष्ट लिहिलं आहे. क्लॅम्प करण्यात धोका कुठे आहे तेही बघा: सकाळच्या सिस्टरने क्लॅम्प लावला, हँडओव्हरमध्ये सांगायचं राहिलं, दुपारच्या सिस्टरला वाटलं बॅग रिकामी म्हणजे युरिन कमी, आणि रुग्ण तळमळतोय. शिवाय क्लॅम्प लावा-सोडाच्या खेळात कॅथेटर उगाच आणखी काही तास आत राहतो, आणि तो जितका वेळ आत, तितकी संसर्गाची शक्यता जास्त.

आता हा प्रश्न ‘पिको’ या चार भागांच्या साच्यात बसवायचा. कोण रुग्ण? शस्त्रक्रियेनंतर थोड्या दिवसांसाठी कॅथेटर असलेले प्रौढ. उपाय कोणता? क्लॅम्प न करता सरळ काढणं. तुलना कशाशी? आधी क्लॅम्प करण्याशी. परिणाम काय बघायचा? पुन्हा कॅथेटर घालावा लागला का, आणि काढायचा आदेश आल्यापासून तो निघेपर्यंत किती तास गेले. मूत्राशयाची, प्रोस्टेटची, काही स्त्रीरोग शस्त्रक्रियांची आणि पाठीच्या कण्याची प्रकरणं बाजूला ठेवा; तिथे सर्जन सांगतील ते. हे वगळायचे रुग्ण प्रश्नातच लिहिले नाहीत तर पहिल्याच आठवड्यात एखादे सर्जन चिडतात आणि सगळं काम बंद पडतं.

पुढचा क्रम असा. चौथ्या-पाचव्या महिन्यात शोध आणि वाचन. सहाव्यात सध्याची स्थिती मोजायची: लागोपाठचे २० कॅथेटर, एका कागदावर चार रकाने, बस. मग सातव्यापासून नववा महिना संपेपर्यंत एकाच वॉर्डात बदल, दहाव्यात पुन्हा तेच चार रकाने. उरलेल्या दोन महिन्यांत दहा मिनिटांत इतर वॉर्डांना सांगायचं. आठवड्याला वीस मिनिटं पुरतात, मात्र ती ड्युटीच्या वेळेत हवीत. दुपारी दोनला हँडओव्हर झाल्यावर सकाळ-दुपारच्या दोन्ही सिस्टर हजर असतात, बुधवारी सव्वादोनला घ्या. नाईटच्या मुलींसाठी तेच शुक्रवारी सकाळी पावणेआठला. चवथीचा महिना वेळापत्रकातून आधीच वगळा. त्या दिवसांत ठरवलेलं होत नाही आणि मग पुढचंही ढेपाळतं.

प्रत्येक दोन नव्या मुलींमागे एक प्रिसेप्टर (हाताशी धरून शिकवणारी अनुभवी सिस्टर) हवी, आणि तिच्याकडचे एक-दोन रुग्ण कमी करायला हवेत. हा सगळ्यात महागडा भाग आहे, तो टाळून बाकीचं केलं तर पैसे वाया गेले समजा. प्रिसेप्टरला आधी चार तास शिकवा. जिला स्वतःला पिको माहीत नाही ती मुलींना ‘लवकर आटप, पेशंट बघ’ असंच म्हणणार, आणि त्यात तिचा दोष नाही.

बंद पडायची कारणं तशी ठरलेली. प्रश्न अवाढव्य असतो: ‘हॉस्पिटलातला संसर्ग कमी करणे’ म्हणजे प्रश्न नव्हे, मंत्रालयाचं परिपत्रक आहे. मध्येच मुलीची दुसऱ्या वॉर्डात बदली होते. मोजणीचा कागद इनचार्ज राउंडला मेमो द्यायला वापरते. तसं एकदा जरी झालं तरी पुढच्या महिन्यापासून सगळे आकडे सुंदर येऊ लागतात.

प्रश्न : माझी मुलगी नर्स आहे. तिच्या रुग्णालयात ‘प्रोजेक्ट’ म्हणून ऑफच्या दिवशीही बोलावतात, घरी येऊन लॅपटॉपवर बसते. नाईट करून वाळपईला बसने येईपर्यंतच मुलगी अर्धी होते. हे नियमाचं आहे का?
— एक वडील, सत्तरी

उत्तर : शिकवणं हे नोकरीचाच भाग असेल तर ते ड्युटीच्या वेळेत व्हायला हवं. ऑफला बोलावलंच तर बदली ऑफ मागावा, लेखी. नाईटनंतर थेट बसवून शिकवणं निरुपयोगीच नाही तर धोक्याचं आहे, झोप न झालेल्या माणसाच्या हातून औषधाच्या चुका वाढतात. मुलीला एवढं विचारा: या प्रोजेक्टमुळे वॉर्डातली कुठली गोष्ट बदलणार आहे? तिला एका वाक्यात सांगता आलं तर काम खरं आहे, वेळेचं तेवढं भांडून घ्यावं. ‘पीपीटी करायची आहे’ एवढंच उत्तर आलं तर ते इन्स्पेक्शनच्या फायलीसाठी चाललं आहे.

प्रश्न : शोधायचं कुठे आणि वाचायचं कसं? इंग्रजी लेख उघडला की आकडेमोड बघून मिटतो. पुष्कळ लेखांना पैसे मागतात.
— दोघी मैत्रिणी, बी.एस्सी. नर्सिंग, पहिली नोकरी, डिचोली

उत्तर : सुरुवात लेखापासून करू नका, मार्गदर्शक सूचनांपासून करा. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचना फुकट आहेत, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) ‘स्टँडर्ड ट्रीटमेंट वर्कफ्लो’ एका-एका पानाच्या आणि फुकट आहेत. त्यानंतर कॉक्रेन, म्हणजे अनेक अभ्यास एकत्र तपासून लिहिलेले आढावे: पूर्ण आढावा उघडला नाही तरी साध्या भाषेतला सारांश सगळ्यांना खुला असतो. सगळ्यात शेवटी पबमेड, म्हणजे वैद्यकीय लेखांची ऑनलाइन सूची. तिथे ‘क्लिनिकल क्वेरीज’मध्ये शब्द टाकले की पसारा कमी होतो, आणि ‘फ्री फुल टेक्स्ट’वर खूण केली की पैसे मागणारे लेख गळतात. शासकीय उच्चशिक्षण संस्थांसाठी १ जानेवारी २०२५ पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ (संशोधन नियतकालिकं संस्थेमार्फत वाचायला देणारी केंद्राची योजना) सुरू झालं आहे, तेव्हा तुमचं कॉलेज शासकीय असेल तर ग्रंथपालांकडे चौकशी करा. गूगलवर सर्वात वर आलेला ब्लॉग आणि यूट्यूबवरचा ‘टॉप टेन टिप्स’ पुराव्यात धरायचा नाही, हे वेगळं सांगायला नको, पण सांगतो.

वाचायचं कसं ते एका खऱ्या प्रश्नावर बघू: हातातली आयव्ही कॅन्युला (सलाइनसाठी शिरेत बसवलेली बारीक नळी) ठरावीक दिवसांनी बदलावी, की गरज पडली तरच? २०१२ साली ‘लॅन्सेट’मध्ये ऑस्ट्रेलियातल्या तीन रुग्णालयांचा अभ्यास आला. ३,२८३ रुग्ण, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत विभागलेले. एका गटात दर तिसऱ्या दिवशी बदल, दुसऱ्यात लक्षणं दिसली तरच. शिर सुजण्याचं प्रमाण दोन्हीकडे ७ टक्के: एकीकडे १,६९० पैकी ११४, दुसरीकडे १,५९३ पैकी ११४. दोन्हींतला फरक ०.४१ टक्के, आणि त्याच्या पुढे ‘९५ टक्के विश्वासमर्यादा’ म्हणून उणे १.३३ ते अधिक २.१५ असं लिहिलेलं असतं. इथेच बहुतेकींचा लेख मिटतो. त्याचा अर्थ एवढाच: खरा फरक साधारण या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी असावा. मध्ये शून्य येतो, म्हणजे ‘फरक नाही’ हीही शक्यता उरते. आणि वाईटात वाईट धरलं तरी शंभरात दोन रुग्णांचा फरक. हे वाचून तुमच्या वॉर्डातला ७२ तासांचा नियम सोडावा का, हा विचार पुढे तुम्ही करायचा.

तो लगेच सोडू नका. २०२१ साली जिनिव्हाच्या विद्यापीठ रुग्णालयांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात चार लाखांहून अधिक कॅन्युला होत्या. तिथे ‘गरज पडेल तेव्हाच’ हे धोरण आणल्यावर कॅन्युलामुळे होणारे रक्तातले संसर्ग वाढले, आणि ठरावीक काळाने बदलणं पुन्हा सुरू केल्यावर कमी झाले. हा आधी-नंतरची तुलना करणारा अभ्यास, चिठ्ठ्या टाकून केलेला नाही, म्हणून कारणाबाबत त्याचं वजन थोडं कमी. पण रक्तातला संसर्ग इतका विरळा असतो की ३,२८३ रुग्णांत तो पकडला जाणंच अवघड. एक अभ्यास सूज बघतो, दुसरा त्याहून भयंकर गोष्ट बघतो. दोन्ही वाचल्यावर आमचं मत असं: ‘गरज पडेल तेव्हा’ हे धोरण, दर पाळीला प्रत्येक कॅन्युला डोळ्यांनी बघितली जाते तिथेच परवडतं. जिथे बघत नाहीत तिथे ७२ तासांचा नियम काढणं म्हणजे होतं नव्हतं ते कुंपणही काढणं.

आणि आपल्याकडे बघता तरी येतं का? मे महिन्यात वॉर्डातले पंखे गरम हवाच फिरवतात, मनगट घामाने ओलं, कागदी मायक्रोपोरच्या कडा दुसऱ्याच दिवशी सुटतात. मग वरून आडव्या-उभ्या चार पट्ट्या, आणि त्यांच्याखाली शिर लाल झाली तरी दिसत नाही. पट्टी अशी लावा की सुई जिथे कातडीत शिरते ती जागा उघडी दिसेल, किंवा पारदर्शक ड्रेसिंग मागा. त्यावर तारीख आणि वेळ लिहा. शिरेची सूज मोजायचा व्हीआयपी स्कोअर ० ते ५ असतो. वेदना, लाली, सूज यांपैकी दोन गोष्टी दिसल्या की स्कोअर २, आणि २ झाला की कॅन्युला काढायची, दुसऱ्या हाताला लावायची. हे करताना आणखी एक मोजा: चोवीस तासांत ज्या कॅन्युलातून काहीच गेलेलं नाही अशा किती आहेत? ‘राहू दे, लागली तर’ म्हणून ठेवलेल्या. त्या कधी बदलायच्या हा प्रश्नच नाही, डॉक्टरांना विचारून त्या काढायच्या.

प्रश्न : ऑपरेशनच्या आदल्या रात्री वस्तऱ्याने केस काढायची आमच्याकडे लेखी प्रोटोकॉल आहे. ते चुकीचं आहे असं मी वाचलं. मी माझ्या पाळीत करायचं थांबवू का?
— स्टाफ नर्स, सर्जिकल वॉर्ड, मडगाव

उत्तर : वाचलंत ते खरं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या सूचना सांगतात: केस काढूच नका, अगदीच अडत असेल तर क्लिपरने (केस कापायच्या मशीनने) काढा, वस्तरा कधीच नको. वस्तऱ्याने कातडीला डोळ्यांना न दिसणारे चिरे पडतात, रात्रभरात त्यांत जंतू वाढतात आणि सकाळी त्याच जागी सर्जन छेद घेतात.

तरीही एकटीने थांबवू नका. लेखी प्रोटोकॉल मोडून तुम्ही केस ठेवलेत आणि त्या रुग्णाला योगायोगाने जरी संसर्ग झाला तरी बोट तुमच्याकडे येईल, आणि बदल कायमचा मागे पडेल. त्या सूचनेचं ते एकच पान छापा. त्यावर दोन ओळींचं पत्र: सध्या काय करतो, सूचना काय म्हणते, काय लागेल. लागणार काय, तर एक-दोन क्लिपर आणि प्रत्येक रुग्णाला वेगळं किंवा नीट निर्जंतुक केलेलं पातं. ते इनचार्जमार्फत इन्फेक्शन कंट्रोल नर्सकडे द्या, ती समितीच्या बैठकीत नेईल. एखाद्या सर्जनला आधीच पटवलंत तर निम्मं काम झालं, म्हणून सुरुवात त्यांच्याच रुग्णांपासून करा. ओटीमधल्या सिस्टरांना आणि वॉर्डबॉयला आधी कळवा, नाहीतर टेबलावर केस बघून कुणीतरी तिथेच वस्तरा मागवतो, आणि ते तर आणखी घाईत होतं.

डॉक्टरांच्या आदेशाविना तुम्ही आजपासून बदलू शकता अशाही गोष्टी आहेत. बॅक केअर देताना लाल झालेल्या कातडीवर स्पिरिट-पावडर चोळणं हे त्यातलं पहिलं. चोळल्याने खालच्या आधीच दुखावलेल्या पेशींना आणखी इजा होते. कूस बदला, टाच उचलून ठेवा आणि लाली बोटाने दाबून फिकी होते का ते लिहा.

प्रश्न : शिकवलं ते त्यांच्यात उतरलं हे कसं ओळखायचं? परीक्षेत सगळ्यांना नव्वदच्या वर मिळतात.
— नर्सिंग ट्यूटर, बांबोळी

उत्तर : पेपर घेतलात म्हणून नव्वद मिळाले. ‘कार्यक्रम कसा वाटला’ हा अभिप्रायाचा कागदही फेकून द्या, चहा चांगला असला की तो चांगलाच येतो. खाटेशेजारी उभं राहून बघा.

ग्लुकोमीटरचं उदाहरण घ्या, गोव्यात ते पदोपदी येतं: २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचं प्रमाण सर्वांत जास्त गोव्यातच आढळलं, २६.४ टक्के. बोटाला फळाचा रस लागलेला असेल तर साखर खोटी वाढलेली दिसते, आणि स्पिरिट स्वॅबने पुसूनही ती पूर्ण जात नाही. हात पाण्याने धुवावा लागतो. धुऊन कोरडा केला असेल तर पहिला थेंब चालतो, धुता येत नसेल तर पहिला पुसून दुसरा घ्यावा. बोट जोरजोराने पिळायचं नाही. हे सगळं मुली पेपरात लिहितील. आता मे महिन्यात दुपारी वॉर्डात जा, घरून आलेला मानकुराद आंबा नुकताच खाल्लेल्या रुग्णाची साखर नवी सिस्टर कशी बघते ते पाहा. हात धुवायला लावला का? आकडा अनपेक्षित मोठा आला तर इन्सुलिन भरण्याआधी हात धुऊन पुन्हा तपासला का? असं दहा वेळा, वेगवेगळ्या पाळ्यांत बघा आणि दहापैकी किती ते लिहा. मग तिला विचारा, ‘हात का धुवायला लावलास?’ कारण सांगता आलं तर उतरलं. ‘मॅडम बघत होत्या म्हणून’ असं तिच्या चेहऱ्यावर दिसलं तर नाही.

आकड्यांवर भाळूही नका. वीसपैकी पाच कॅन्युला सुजल्या होत्या, बदलानंतर वीसपैकी तीन, म्हणून ‘चाळीस टक्के घट’ असा फलक लावणं हास्यास्पद आहे. एवढ्या लहान संख्येत हा फरक नुसत्या योगायोगानेही येतो. लहान रुग्णालयात परिणामापेक्षा कृती मोजा: तारीख लिहिली का, हात धुतला का, खूण तपासली का. ती दर आठवड्याला एका आलेखावर ठिपका म्हणून टाका. सलग आठ ठिपके जुन्या मधल्या रेषेच्या वर गेले की बदल खरा आहे असं म्हणायला हरकत नाही.

प्रश्न : मी जीएनएम (नर्सिंगची पदविका) आहे, संशोधन फारसं शिकले नाही. हे माझ्यासाठी आहे का? आणि रुग्णाला समजावण्याचा कागद मराठीत चालेल ना?
— स्टाफ नर्स, काणकोण

उत्तर : आहे. वहीतला प्रश्न विचारायला पदवी लागत नाही, आणि खाटेजवळ सर्वात जास्त वेळ जीएनएम सिस्टरच असतात. शोधायच्या पायरीला एखादी बी.एस्सी. झालेली जोडीदार घ्या, मोजणी तुम्ही करा.

कागदाचं मात्र रुग्ण बघून ठरवा. पेडण्या-सत्तरीकडच्या पुष्कळांना मराठी छापील कागद सोयीचा पडतो, सासष्टीतल्या बऱ्याच घरांत कोंकणी रोमी लिपीतच वाचतात, तिथे देवनागरी कागद उशीखाली राहतो. कारवारकडून आलेल्यांना कन्नड लागू शकतं. कागद दिल्यावर ‘समजलं का?’ विचारू नका, सगळे ‘हो’च म्हणतात. ‘घरी गेल्यावर इन्सुलिन कुठे टोचणार, दाखवा बघू’ असं म्हणा आणि बोट कुठे जातं ते पाहा.